कंट्रोल, शिफ्ट आणि दुधाचा पगार

दूध संघात महिना तीन तुकड्यांत मोजतात. १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर. तुकडा संपला की चार-पाच दिवसांत उत्पादकांच्या खात्यावर पैसे पडलेच पाहिजेत. कागदावर त्याला दूध बिल म्हणतात, पण गावात सगळे ‘दुधाचा पगार’च म्हणतात, आणि पगार दोन दिवस लांबला तर केंद्राच्या सचिवाला पारावरून सुखानं जाता येत नाही. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका संघाच्या हिशेब विभागात मी बरीच वर्षं हे काम करत आले आहे. काय करता असं कुणी विचारलं तर ‘अकाउंट्सला आहे’ म्हणून मोकळी व्हायचे. खरं सांगायचं तर मी एक्सेलमध्ये तेच ते, तेच ते करत असायचे.

तेच ते म्हणजे किती, त्याचा हिशेब मांडते. संकलन केंद्रावर सकाळी आणि संध्याकाळी दूध येतं. प्रत्येक वेळी एक नोंद: सभासदाचा कोड, लिटर, फॅट, डिग्री (म्हणजे लॅक्टोमीटरचा आकडा). संघाच्या सगळ्या केंद्रांचे मिळून उत्पादक सुमारे ३,०००. दिवसाला दोन नोंदी, दहा दिवस, म्हणजे ६०,००० ओळी. आता गंमत अशी की तेव्हाच्या एक्सेलमध्ये एका शीटला ओळीच होत्या ६५,५३६. पहिले दोन तुकडे त्यात मावायचे. पण ३१ दिवसांच्या महिन्यात तिसरा तुकडा ११ दिवसांचा होतो आणि आकडा जातो ६६,००० वर. सगळे काही दोन्ही वेळा दूध घालत नाहीत, जनावरं आटतात, म्हणून एरवी निभावून जायचं. हिवाळ्यात, पुष्ट काळात, मात्र डिसेंबर-जानेवारीची तिसरी फाइल उघडली की फाइल पूर्ण लोड झाली नाही अशी इंग्रजी पाटी यायची आणि शेवटच्या केंद्राच्या दोन-चारशे नोंदी पडद्यावरून गायब. मग फाइल फोडून दोन शीट करायची. एक्सेल २००७ मध्ये ओळी १०,४८,५७६ झाल्या, तेव्हा त्या बातमीचा आनंद आमच्या विभागाइतका कुणाला झाला असेल असं वाटत नाही.

माउसचं चाक एका खटक्याला तीन ओळी सरकवतं. साठ हजाराव्या ओळीपर्यंत त्यानं कोण जाणार? बाजूची सरकपट्टी धरून ओढावी तर बोट जरा हललं की हजारभर ओळी पुढे. मी नवीन असताना याचा फार राग यायचा, पण काम असंच असतं अशी समजूत होती.

आमचे विभागप्रमुख संघाच्या स्थापनेपासूनचे. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, अगदी चेअरमनसुद्धा. अण्णांच्या टेबलावर माउस होता, पण कीबोर्डच्या मागे, जुन्या पावती पुस्तकांच्या आडोशाला. ओळ घालायची असली की ते आधी स्लॅशचं बटण दाबायचे, मग दोन अक्षरं, आणि ओळ घातलेली असायची. मी म्हटलं, “अण्णा, हे कुठं शिकलात?” ते म्हणाले, “लोटसला असंच होतं.”

लोटस म्हणजे लोटस १-२-३. १९८३ साली आलेला हा प्रोग्रॅम डॉसच्या काळ्या पडद्यावर चालायचा आणि सगळं स्लॅशनं सुरू व्हायचं. स्लॅश, डब्ल्यू, आय, आर: वर्कशीटमध्ये ओळ घाल. स्लॅश, एफ, एस: फाइल सेव्ह कर. आणि लोटसनं तरी ती सवय पहिल्यांदा लावली असं नाही. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिसीकॅल्क १९७९ साली ॲपल टू या कॉम्प्युटरवर आलं, त्यातही आज्ञा स्लॅशनंच द्यायच्या. त्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर बाणाची बटणंसुद्धा दोनच, डावं आणि उजवं. वर-खाली जायचं तर स्पेसबार दाबून दिशा बदलायची. एक्सेल आलं १९८५ साली, मॅकिंटॉशवर, माउससकट. म्हणजे तक्ता मांडायचं काम आधी निव्वळ बोटांचं होतं, माउस नंतर येऊन बसला. लोटसवाल्यांना ओढण्यासाठी एक्सेलनं स्लॅशची सोय ठेवली. आजही एक्सेलमध्ये नुसता स्लॅश दाबला की मेन्यू जागा होतो, करून बघा.

अण्णांना मी सुरुवातीला जुन्या वळणाचे समजत होते. २००७ ची आवृत्ती ऑफिसात आली आणि वरचे सगळे मेन्यू जाऊन तिथे रिबन आली, तेव्हा ते मत बदललं. आम्ही सगळे तरणेताठे ‘पेस्ट स्पेशल कुठं गेलं’ म्हणून पडदा धुंडाळत होतो. अण्णा ऑल्ट, मग आय, मग आर दाबत होते आणि ओळी पूर्वीसारख्याच घातल्या जात होत्या. पडद्यावरून मेन्यू गेला होता, पण त्याची अक्षरं मायक्रोसॉफ्टनं आत चालू ठेवली होती. त्या आठवड्यात विभागात एकट्या अण्णांचं काम वेळेत झालं.

माझी सुरुवात मात्र एका साध्या जोडीनं झाली. कंट्रोल धरायचं आणि खालचा बाण दाबायचा. कर्सर एका क्षणात तळाला. बाजूला शिफ्टही धरलं तर मधलं सगळं निवडलं जातं. साठ हजार ओळी निवडायला श्वास घेण्याइतकाही वेळ लागत नाही. पहिले काही दिवस मी उगाचच वर-खाली जात होते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कंट्रोल आणि बाण यांनी कर्सर तळाला जातो असं आपण म्हणतो, ते पूर्ण खरं नाही. तो जातो पहिल्या रिकाम्या सेलच्या अलीकडे. लिटरचा कॉलम शेवटपर्यंत गेला आणि फॅटच्या कॉलममध्ये कर्सर ४१२ व्या ओळीवर अडला, तर ४१३ मध्ये फॅट नाही. केंद्रावर लाइट गेली असेल, सचिवानं फॅट वहीत लिहून ठेवला असेल आणि नंतर मशीनमध्ये चढवायचा राहिला असेल. त्या ओळीचा दर निघणार नाही, त्या माणसाचे एका वेळच्या दुधाचे पैसे बुडणार. पूर्वी हे कधी कळायचं? माणूस ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला की. आता केंद्राची फाइल आली की आधी प्रत्येक कॉलमवर एकदा कंट्रोल-डाउन. सगळे कॉलम एकाच ओळीवर जाऊन थांबले तर पुढे जायचं, नाहीतर सचिवाला फोन.

त्यातून दुसरी युक्ती सापडली. फॅटचा पूर्ण कॉलम कंट्रोल-शिफ्ट-डाउननं निवडायचा आणि पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीकडे बघायचं. तिथे सरासरी, संख्या, बेरीज येते; पट्टीवर राइट क्लिक करून सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडाही दाखवायला सांगता येतं. गाईच्या दुधात सर्वांत मोठा फॅट ३८ दिसला तर कुणीतरी ३.८ मधलं टिंब खाल्लंय. सर्वांत लहान शून्य दिसला तर तेही तसंच. कुणी ३..८ अशी दोन टिंबं टाकली असतील तर एक्सेल त्याला आकडाच मानत नाही, अक्षरं मानतं. मग एकूण भरलेल्या सेलची संख्या एक सांगते आणि आकड्यांची संख्या त्याहून एकानं कमी. सूत्र लिहायला नको, फिल्टर लावायला नको. बोटं दोन वेळा हलली आणि नजर एकदा खाली गेली. कीबोर्डचे शॉर्टकट वेळ वाचवतात असं सगळीकडे म्हटलं जातं, आणि वाचतोच. पण माझ्या मते त्यापेक्षा मोठी गोष्ट ही की नजर आकड्यांवरून हलत नाही. माउस धरला की आधी पडद्यावर बाण शोधायचा, मग बटण शोधायचं, आणि तोवर आपण कुठल्या सभासदापाशी होतो ते विसरायला होतं.

आता अडचण अशी होती की हे सगळं सरळ, सलग तक्त्यावर चालतं, आणि आमच्याकडे येणारे तक्ते सुंदर होते. सुंदर म्हणजे वर चार कॉलम एकत्र करून मोठ्या अक्षरात केंद्राचं नाव, खाली ‘श्री’, दोन सभासदांच्या मध्ये मोकळी ओळ, प्रत्येकाच्या शेवटी त्याची बेरीज पिवळ्या रंगात. छापून भिंतीला लावायला उत्तम. कंट्रोल-डाउन मात्र दर वीस ओळींनी ठेचकाळायचा. बेरजेच्या ओळी मध्येच असल्यानं पूर्ण कॉलमची बेरीज दुप्पट यायची. सेल एकत्र केलेले असले की कॉलम निवडायला जावं तर शेजारचे तीन कॉलमही सोबत निवडले जायचे.

सभासदाचा कोडही पहिल्या ओळीवर एकदाच असायचा. त्याच्या खालच्या एकोणीस ओळी कोऱ्या, कारण वाचणाऱ्याला ते समजतं. एक्सेलला समजत नाही. शंकर आणि सखाराम यांचं दूध त्याला वेगळं करता येत नाही. या कोऱ्या जागा भरण्यासाठी पूर्वी आमच्याकडे एक मुलगा वरचा कोड धरून खाली ओढायचा, मग पुढचा, मग पुढचा. तीन हजार वेळा. त्याच्या मनगटाला पट्टा होता.

यावरचा उपाय मला आजही जादूसारखा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते. कोडचा कॉलम डेटाच्या शेवटच्या ओळीपर्यंत निवडायचा. एफ फाइव्ह दाबायचं, एक छोटी खिडकी उघडते. तिथे ऑल्ट-एस, मग के, मग एंटर. यानं निवडलेल्या भागातले फक्त कोरे सेल निवडलेले राहतात. मग बरोबरचं चिन्ह, एकदा वरचा बाण, आणि शेवटी नुसतं एंटर न दाबता कंट्रोल धरून एंटर. प्रत्येक कोरा सेल आपल्या डोक्यावरच्या सेलमधला कोड उचलतो, त्याच्या खालचा त्याच्याकडून, असं करत सत्तावन्न हजार जागा एका दमात भरतात. पण इथे थांबायचं नाही. भरलेत ते कोड नाहीत, सूत्रं आहेत. तक्ता क्रमानं लावला की सगळे वरच्या भलत्याच माणसाचा कोड उचलतील. म्हणून कॉलम कॉपी करून तिथेच ऑल्ट, ई, एस, व्ही, एंटर. म्हणजे सूत्रं जाऊन किमती राहतात. हल्लीच्या आवृत्तीत कंट्रोल-शिफ्ट-व्ही एवढंच पुरतं, पण माझी बोटं अजून ई, एस, व्ही याच वाटेनं जातात. अण्णांचं काय व्हायचं ते मला आता कळतं.

पट्टावाल्या मुलाला मी हे दाखवलं तेव्हा तो खूश होईल असं वाटलं होतं. तो घाबरला. “ताई, मग मी काय करू?” असं त्यानं विचारलं. त्याला पुढे पशुखाद्याच्या वजावटीचं काम दिलं, ते त्यानं चांगलं केलं. पण तो प्रश्न रास्त होता आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दरपत्रकाचीही एक गोष्ट आहे. आमचा दर दोन गोष्टींवर ठरतो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हा पाया, म्हशीच्या दुधाला ६ आणि ९. तिथून एकेक पॉइंट वर-खाली झाला की दर बदलतो. तक्त्यात डाव्या बाजूला फॅट, वरच्या ओळीत एसएनएफ, आणि दोघं भेटतात तिथे रुपये. सूत्र खाली ओढताना हा तक्ता जागचा हलता कामा नये, म्हणून त्याच्या पत्त्यात डॉलरची चिन्हं लागतात. ती हातानं टाकणारे लोक मी पाहिलेत. एफ फोर एकदा दाबलं की दोन्ही बाजूंना डॉलर लागतो, दुसऱ्यांदा फक्त ओळीला, तिसऱ्यांदा फक्त कॉलमला, चौथ्यांदा सगळे निघून जातात. आमच्या विभागात याचा घोळ वेगळाच, कारण निम्मे लोक टॅलीवर बसणारे. टॅलीत एफ फोर म्हणजे कॉन्ट्रा व्हाउचर आणि एफ टू म्हणजे तारीख. एक्सेलमध्ये एफ टूनं सेल दुरुस्तीला उघडतो. टॅलीची माणसं कीबोर्डवर वाऱ्यासारखी चालतात, माउसला शिवत नाहीत, पण तीच माणसं एक्सेल उघडलं की माउसकडे हात नेतात. त्यांना मी म्हणायचे, तुम्हाला अर्ध्याहून जास्त येतंच आहे, फक्त बटणांची नावं बदलली आहेत. पुढे लॅपटॉप आले आणि एफ फोरवर आवाजाचं चित्र आलं, तेव्हा सगळ्यांची समान पंचाईत झाली. एफएन नावाचं बटण सोबत धरायला लागतं हे लक्षात येईपर्यंत ऑफिसातल्या लॅपटॉपचे आवाज बंद-चालू होत राहिले.

दर काढताना शॉर्टकटनं काही होत नाही अशी एक जागा सांगून ठेवते. एसएनएफ हा फॅट आणि डिग्रीवरून सूत्रानं निघतो. पडद्यावर ८.५ दिसतं, पण आत असतं ८.४७. दरपत्रकात ८.४७ नाही, म्हणून दर सापडत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं की एक्सेल खोटं बोलतंय. राउंडचं सूत्र आधी लावून घेतलं की भांडण मिटतं.

बँकेची फाइल मात्र मी कायम सावकाश केली. खाते क्रमांक दिसायला आकडा असतो, पण त्याची बेरीज कुणी करत नाही. एक्सेल आकड्याचे पहिले पंधरा अंकच जपून ठेवतं. सोळा आकडी खाते क्रमांक साध्या सेलमध्ये पडला की शेवटच्या अंकाच्या जागी शून्य येतं, आणि क्रमांक शून्यानं सुरू होत असेल तर ते शून्य मुकाट निघून जातं. म्हणून आधी कॉलम निवडून कंट्रोल-वन, तिथे टेक्स्ट, आणि मगच पेस्ट. सीएसव्ही फाइल असली तर तिच्यावर डबल क्लिक करायचंच नाही, डेटाच्या मार्गानं आत घ्यायची आणि तिथे त्या कॉलमला टेक्स्ट सांगायचं. हे अण्णांनी पहिल्याच आठवड्यात मला वहीत लिहून घ्यायला लावलं होतं. पैसे पाठवायच्या दिवशी बोटांनी वेग दाखवू नये, असं ते म्हणायचे. त्या दिवशी ते स्वतः माउस बाहेर काढायचे, बहुतेक स्वतःला आवर घालायलाच.

वेळ वाचला त्याचं काय झालं, हेही सांगायला हवं. तिसऱ्या दिवसाच्या रात्रीपर्यंत चालणारं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपायला लागलं. त्याबद्दल शाबासकी मिळाली आणि पुढच्याच महिन्यात पशुखाद्याचा साठा, अॅडव्हान्स आणि पतसंस्थेचे हप्ते हे सगळं माझ्याकडे आलं. घरी जायची वेळ बदलली नाही. फक्त खांदा दुखायचा थांबला आणि त्याऐवजी डाव्या हाताची करंगळी दुखायला लागली, कारण कंट्रोल तिथेच आहे.

व्हॉट्सॲपवर ‘एक्सेलचे शंभर शॉर्टकट’ अशा याद्या फिरतात. त्या पाठ करणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. माझ्या रोजच्या वापरात आहेत त्या मोजक्याच जोड्या, आणि त्यातली प्रत्येक कुठल्यातरी चिडचिडीतून आली. मधल्या ओळी लपवलेला तक्ता कॉपी केला आणि लपवलेल्याही सोबत आल्या, त्या दिवशी ऑल्ट आणि अर्धविराम शिकले. त्यानं फक्त दिसणारे सेल निवडले जातात. कामाची गरज नसताना शिकलेली जोडी आठवड्यात विसरते.

अलीकडे आमच्याकडे बी.कॉम. झालेली एक मुलगी आली. तिनं माझं एफ फाइव्ह, के, कंट्रोल-एंटर कौतुकानं पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, “मॅडम, हे दर दहा दिवसांनी कशाला करायचं?” तिनं सगळ्या केंद्रांच्या फाइली एका फोल्डरमध्ये टाकल्या, एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीत पायऱ्या एकदा बसवल्या: रिकाम्या ओळी काढ, कोड खाली भर, आकडे आकडेच ठेव, खाते क्रमांक अक्षरं म्हणून घे. आता नवीन फाइली आल्या की कंट्रोल-ऑल्ट-एफ फाइव्ह. एवढंच. मी बसून जमवलेल्या अर्ध्याअधिक जोड्यांना काम उरलं नाही. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण तिच्या पायऱ्या बघताना लक्षात आलं की त्या त्याच क्रमानं आहेत ज्या क्रमानं माझी बोटं चालायची. आणि कंट्रोल-डाउन मी अजून सोडलेलं नाही, कारण यंत्रानं जमवलेल्या तक्त्यातही ४१३ व्या ओळीला फॅट नसू शकतो.

तसंच परवा झालं. रिफ्रेश केलं आणि एका केंद्राची फाइल अडली. उघडून पाहिली तर वर पुन्हा चार कॉलम एकत्र करून केंद्राचं नाव, निळ्या रंगात. मी सचिवाला फोन लावला.

“दादा, वरचं नाव काढा. पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं पाहिजेत.”

“मॅडम, नाव नसलं तर फाइल कुठल्या केंद्राची ते तुम्हाला कसं कळणार?”

“फाइलच्या नावात आहे की.”

“ते व्हय,” ते म्हणाले, “पण छापल्यावर दिसत नाही. पोरानं मोबाइलवर केलंय, त्याला काढायला सांगतो. पण मॅडम, मोबाइलवर ते कंट्रोल कुठं असतंय?”